तिसऱ्या रस्त्याखालची वस्ती

इमोजेन प्रॅट आमच्या गावात आली ती मार्चमध्ये. बर्फ वितळून सगळीकडे राड झाली होती. तिच्या हातात नकाशाची लांब गुंडाळी होती, पाठीवर पिशवी, आणि पायात अगदीच कुचकामी बूट. ग्रंथालयातल्या बाईंनी तिला माझ्याकडे धाडलं होतं. "केल्सी फोर्जमधलं एकेक दार ओळखणारं माणूस हवं असेल तर डोलोरेस सॅबोला गाठ," असं त्या म्हणाल्या म्हणे.

ते काही खोटं नव्हतं. एकतीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं. कुणाचा कुत्रा चावतो, कुणाची सासू दिवसभर खिडकीत बसून असते, कुणाला फ्लोरिडाहून दर महिन्याला पत्र येतं आणि कोण ते न फोडता परत पाठवतं, हे सगळं मला पाठ होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, उजवा गुडघा कुरकुरतो, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी मी खालच्या वस्तीत चक्कर मारतेच. नाही मारली तर अन्न गोड लागत नाही.

मी इमोजेनला स्वयंपाकघरात बसवलं, ओले बूट काढायला लावले आणि कोबी घातलेल्या शेवयांची बशी पुढे केली. ती आयोवाची, शेतकऱ्याची मुलगी. विद्यापीठात भूगोल शिकवायची. वय पस्तिशीच्या आसपास. भूक लागलेल्या माणसासारखी खायची, त्यामुळे मला लगेच आवडली.

"कामाचं बोल आता," मी म्हटलं.

"मला एक रेषा काढायची आहे," ती म्हणाली. "गंजपट्टा नेमका कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, त्याची. कारखाने बंद पडलेल्या या सगळ्या मुलखाला लोक गंजपट्टा म्हणतात, पण त्याची हद्द कुणी धड आखलेलीच नाही. आणि त्या हद्दीच्या आत कुठल्या जागा सावरतायत, तेही दाखवायचंय."

"मग एवढी पायपीट कशाला? पूल ओलांड. नदीच्या पलीकडून सुरू होतो."

ती हसायला लागली. "पलीकडच्या लोकांनीच मला इकडे पाठवलं. ते म्हणाले, नदीच्या अलीकडे सुरू होतो. अकरा गावं झाली माझी, डोलोरेसबाई. प्रत्येक गाव शेजारच्या गावाकडे बोट दाखवतं. एका ठिकाणी तर बापलेकीत जुंपली. बाप म्हणे आपण आत, लेक म्हणे बाहेर. मी मधे बसून कॉफी पीत होते."

मग तिने टेबलावर नकाशा पसरला. घसरणीला लागलेला भाग करड्या रंगात होता, सावरणारा हिरव्या. आमचं गाव मला सापडायला वेळ लागला नाही, कारण नदीचं वळण मी झोपेतही ओळखेन. टेकडीवरचं वरचं गाव करडं होतं, ते ठीकच. पण तिसऱ्या रस्त्याच्या खाली, नदीपर्यंतच्या सगळ्या वस्तीवर करड्यावर आणखी काळ्या तिरक्या रेघा मारल्या होत्या.

"या कसल्या रेघा?"

"ओसाड," ती जरा संकोचून म्हणाली. "म्हणजे जवळजवळ ओसाड. एकशे चाळीस माणसं. सहा वर्षांखालची मुलं नऊ."

"नऊ? नऊ तर एकट्या लॉक स्ट्रीटवर निघतील. कुणी मोजली?"

मोजली कुणीच नव्हती. कुठल्याशा कंपनीकडून विद्यापीठाने याद्या घेतल्या होत्या. ज्या घराला टपालपेटी नाही, नंबर दिसत नाही किंवा पुढच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या आहेत, ते घर त्या यादीत रिकामं. इमोजेनलाही ते खटकलं होतं, म्हणून तर ती चिखल तुडवत आली होती. पण खरी गोष्ट तिने बशी रिकामी झाल्यावर सांगितली. हा कच्चा नकाशा शाळामंडळाने तिच्या विभागाकडून मागून घेतला होता. तिसऱ्या रस्त्यावरची शाळा चौदा वर्षं बंद आहे. जूनमध्ये ती पाडायची ठरत होती. मुलंच नाहीत तर शाळा कशाला.

त्या शाळेत मी शिकले, माझी बहीण शिकली. आता खालच्या वस्तीतली लहान पोरं पुलापलीकडच्या शाळेत जातात. बस सगळ्या डोंगराला वळसा घालून जाते, जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. पाच वर्षांचं पोर घरी येतं ते बसमध्ये झोपूनच.

"उद्या आठला ये," मी म्हटलं. "आणि हे बूट घालून येऊ नकोस."

तिच्याकडे दुसरे नव्हते. म्हणून सकाळी मी माझ्या नवऱ्याचे रबरी बूट काढून दिले. तो जाऊन नऊ वर्षं झाली, पण बूट चांगले होते. दोन जोड मोजे चढवल्यावर तिला बरोबर बसले.

पहिलं घर मी मुद्दाम लॉक स्ट्रीटवरचं निवडलं. पुढून पाहिलं तर कुणीही म्हणेल की इथे घुबडं राहतात. खिडक्यांना फळ्या, पायऱ्या तुटलेल्या, नंबराची पाटी कधीच गळून पडलेली. इमोजेनने यादी बघितली. यादीतही हे घर रिकामंच होतं. मी तिला बोळातून मागे नेलं. मागे नवा जिना होता, दोरीवर वाळत घातलेले सात छोटे पायमोजे होते, आणि परतलेल्या कांद्याचा असा वास येत होता की आम्ही दोघी क्षणभर नुसत्या उभ्याच राहिलो.

"मोजे सात कसे?" इमोजेनने विचारलं.

"आठवा हरवला असेल. तुझ्याकडे पोरं नाहीत वाटतं."

दार एका बाईने बोटभर उघडलं. "सरकारी का?" ती म्हणाली.

"सरकारी काय गं, मी डॉली. टपालवाली. तुझ्या मावशीचं पार्सल मीच नाही का गेल्या नाताळात आणून दिलं, नव्या पोराने भलत्याच घरी टाकलं होतं ते?"

दार उघडलं. आत चार मुलं होती. नवरा वेल्डर, पोर्तो रिकोहून आलेला, पिट्सबर्गमधल्या भाड्याला कंटाळून इथे आला होता. हे मोडकं घर त्यांनी विकत घेऊन मागच्या बाजूने दुरुस्त करायला सुरुवात केली होती. पुढची बाजू येत्या उन्हाळ्यात. पत्रं बहिणीच्या पत्त्यावर जात होती, कारण इथे पेटी लावायला अजून पुढची भिंतच धड नव्हती.

दोन आठवडे आम्ही असे हिंडलो. मागच्या दारांनी आत जात गेलो. दोन कुटुंबं एका घरात, दोघांचं वीजमीटर एकच. जॉर्जियाहून आजीच्या घरात परत आलेलं एक तरुण जोडपं, त्यांना जुळं झालेलं. नेपाळी बोलणारी, भूतानहून निर्वासित होऊन आलेली बरीच घरं, इस्पितळाच्या धुलाईघरात आणि गोदामात कामाला जाणारी. त्यांच्याकडे चहा घेतल्याशिवाय सुटका नसे. एका दिवशी आम्ही नऊ कप चहा प्यायलो आणि इमोजेनला प्रत्येक तिसऱ्या घरी न्हाणीघर कुठे आहे ते विचारावं लागलं.

ती वहीत मुलांसाठी एकेक रेघ मारायची. सुरुवातीला ती प्रत्येक रेघेनंतर माझ्याकडे बघायची, जणू मी हातचलाखी करते आहे. पाचव्या दिवशी तिने बघणं सोडलं. त्या दिवशी ती बोळातून चालताना शीळ घालत होती.

एमिल युर्चाकच्या घरी मी तिला शेवटी नेलं. एमिल ब्याऐंशीचा. पोलादाच्या कारखान्यात त्याने सव्वीस वर्षं क्रेन चालवली. त्याची बायको वारली तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ पडवीत बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला गाव कधी मेलं ते सांगतो.

"आलीस का डॉली," तो म्हणाला. "आणि ही कोण? करवसुलीवाली?"

"नकाशावाली. हिला गंजपट्ट्याची हद्द हवी आहे. तू सांग बघू."

एमिलने काठी पडवीच्या पहिल्या पायरीवर आपटली. "इथे. लिहून घे, पोरी. या पायरीपासून सुरू होतो आणि माझ्या मागच्या दारात संपतो. अकरा गावांनी तुला खोटं सांगितलं असेल."

"तुम्हाला कसं कळलं अकरा?" इमोजेनने विचारलं.

"डॉलीला सांगितलं की गावाला सांगितलं. चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये कारखाना बंद पडला आणि हे गाव मेलं. आता कुणी मोजायला आलं तर त्याला भुतं मोजावी लागतील."

"या घरात किती माणसं राहतात?"

"एक. तेही अर्धंच."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडलं.

"मांजर," एमिल म्हणाला.

वरून पावलं धावत या टोकाकडून त्या टोकाला गेली, आणि परत आली.

"तुझ्या मांजराने बूट घातलेत वाटतं," मी म्हटलं.

"मोठं मांजर आहे."

मग आतलं दार उघडलं आणि पाचेक वर्षांची एक मुलगी बाहेर आली. दोन्ही हातांत वाडगा धरलेला, त्यातून वाफ येत होती. तिने आमच्याकडे बघितलंच नाही. "हजुरबा," ती म्हणाली, "आई म्हणते, आता नाही खाल्लेत तर मोमो गार होतील, मग ओरडायचं नाही." वाडगा त्याच्या मांडीवर ठेवून ती आत पळाली.

एमिल वाडग्याकडे बघत राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हजुरबा म्हणजे काय?" इमोजेनने हळूच विचारलं.

"त्यांच्यात आजोबांना म्हणतात," एमिल वाडग्याला म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. टेकनाथ आणि मणिका घिमिरे, मणिकाची सासू, आणि तीन मुलं, सगळी वरच्या मजल्यावर राहत होती. एका हिवाळ्यात एमिलची घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या टेकनाथने ती दुरुस्त केली होती. ते कुटुंब तेव्हा एका चुलतभावाच्या बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने राहत होतं. एमिलने त्यांना वरचा मजला दिला. पण त्या मजल्याला बाहेरून वेगळा जिना नाही, आणि नियमाप्रमाणे वेगळ्या जिन्याशिवाय तिथे दुसरं कुटुंब ठेवता येत नाही.

"कुणी कळवलं तर उद्या त्यांना बाहेर काढतील," तो म्हणाला. "म्हणून मी इथे बसून ओरडतो, की इथे कोणी नाही, सगळं मेलंय. लोक कंटाळून निघून जातात."

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं. मला खरं तर रागच आला होता. मंगळवार-शुक्रवार या पडवीसमोरून जाणारी मी, आणि मला पत्ता नाही.

"सव्वातीन वर्षं."

"आणि गाव मेलं, ते?"

"ते खरंच आहे. पण ही मंडळी ऐकायला तयार नाहीत, त्याला मी काय करू?" त्याने एक मोमो तोंडात टाकला आणि तो फार गरम निघाल्यामुळे बराच वेळ त्याला बोलता आलं नाही.

इमोजेन पायरीवर बसली. "युर्चाकसाहेब, मी मुलं मोजते. जिने मोजत नाही."

"तीन लिही," तो शेवटी म्हणाला. "पत्ता लिहू नकोस."

तिने तीन रेघा मारल्या. त्यानंतर बेरीज झाली ती एक्याऐंशी. नऊ नव्हे, एक्याऐंशी.

वही घेऊन आम्ही शाळामंडळाच्या हॅलोरनसाहेबांकडे गेलो. हा माणूस सज्जन, पण प्रत्येक वाक्य बोलण्याआधी ते तोलून बघतो. त्याने वही पानापानाने वाचली.

"डोलोरेसबाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण मंडळासमोर मी रेघा ठेवू शकत नाही. त्यांच्यासमोर छापील यादी आहे, आणि तीत नऊ आहेत."

"मग काय ठेवू शकता?"

"मुलं," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे, नावं आणि पत्ते असलेली, डोळ्यांनी बघितलेली मुलं. चाळीस जरी दिसली तरी पाडण्याचा ठराव मी स्वतः मागे घ्यायला लावीन. मंगळवारी बैठक आहे."

तो दिवस बुधवार होता.

अग्निशामक दलाच्या सभागृहात शनिवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांना बोलवायचं आम्ही ठरवलं. दलातले लोक आमच्या गावचेच, बिनपगारी, आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी तिथे मासे तळतात त्यामुळे स्वयंपाकघरही तयार. इमोजेनने चिठ्ठी तीन भाषांत लिहिली. इंग्रजी तिची, स्पॅनिश वेल्डरच्या बायकोची, आणि नेपाळी मणिकाची. चिठ्ठीत एवढंच होतं की शाळा उघडावी असं वाटत असेल तर मुलांना घेऊन या, कुणी कागदपत्रं विचारणार नाही, जेवण आहे.

"कशी वाटायची?" इमोजेन म्हणाली. "पेट्या तर नाहीत कुठे."

मी तळघरात गेले आणि माझी जुनी पिशवी काढली. खांद्यावरचा पट्टा घामाने काळा पडलेला, बक्कल अजून शाबूत. खांद्याला लावली मात्र, गुडघा कुरकुरायचं विसरूनच गेला. गुरुवारी आणि शुक्रवारी मी एकेका मागच्या दारी चिठ्ठी हातात दिली. खूप वर्षांनी कुणीतरी दारात माझी वाट बघतंय असं वाटत होतं. एका घरातल्या म्हाताऱ्याने चिठ्ठी वाचून विचारलं, "याला तिकीट लागत नाही का?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी फुकट, पण नातवाला अंघोळ घालून आणा."

शनिवारी नऊपासूनच सभागृहात कांदा-लोण्याचा वास भरला होता. दलाच्या लोकांनी बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिएरोगींचे ढीग रचले होते. इमोजेनने खालच्या वस्तीचा नकाशा एका अख्ख्या भिंतीएवढा छापून आणला होता, घर अन् घर दाखवणारा, आणि शेजारी हिरव्या टिकल्यांची पाकिटं ठेवली होती. प्रत्येक मुलाने आपल्या घरावर टिकली लावायची. हॅलोरनसाहेब कोट घालून, वही घेऊन दारापाशी बसले.

दहा वाजले. कोणी नाही.

सव्वादहाला एक बाई आली, तिने डोकावून बघितलं आणि निघून गेली. वीस मिनिटं झाली. हॅलोरनसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि बघितल्याचं मला दिसू नये म्हणून बाही खाली ओढली. इमोजेन टिकल्यांची पाकिटं सरळ करत होती, मग पुन्हा वाकडी करून पुन्हा सरळ. मी लोकांच्या दारी जाऊन शब्द दिला होता, आणि लोकांनी तो ऐकून घेतला होता, एवढंच. भिऊन बसले असतील, असं मला वाटलं. त्यांना दोष तरी कसा द्यायचा.

मी बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. तेव्हा ते दिसले.

लॉक स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून सगळे एकदमच येत होते. एकेकट्याने पुढे जायला कुणी धजेना, म्हणून एकमेकांसाठी थांबत थांबत कोपऱ्यावरच सगळे जमले होते, आणि मग एकत्र निघाले होते. बाबागाड्या, ओढगाड्या, बापांच्या खांद्यावर पोरं, पाठीला बांधलेली पोरं. जुळ्यांची रुंद गाडी पदपथावर मावेना म्हणून भर रस्त्यातून येत होती. आणि सगळ्यांच्या पुढे एमिल. त्याची चाकांची चालण्याची गाडी होती, मधे बसायला पाट असलेली. त्या पाटावर मोमोवाली सुजिता मांडी घालून बसली होती आणि तो तिला ढकलत होता. त्याने दाढी केली होती. मला आधी तेच दिसलं.

"उशीर झाला," तो माझ्याजवळ येऊन म्हणाला. "या बायकांना एक वेणी घालायला अर्धा तास लागतो."

हॅलोरनसाहेबांच्या टेबलापाशी रांग लागली. एमिल पहिला. मी त्याच्या मागेच उभी होते. मणिका धाकट्याला कडेवर घेऊन त्याच्या बाजूला होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाव आणि पत्ता?"

एमिल आवाज चढवून बोलला, क्रेनवरून खाली ओरडायचा तसा. "एमिल युर्चाक. बावीस, लॉक स्ट्रीट. वरच्या मजल्यावर घिमिरे कुटुंब, मुलं तीन. वेगळा जिना नाही. जिन्याबद्दल कुणाला बोलायचं असेल तर माझ्याशी बोला, त्यांच्याशी नाही."

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. गावच्या घरांची तपासणी करणारा माणूस आणि अग्निशामक दलाचा प्रमुख एकच. तो झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याचं नाव रॉय, अंगाने आडवा, बोलायला कमी.

"बावीस नंबर," रॉय म्हणाला. "उत्तरेच्या भिंतीला जिन्यापुरती जागा आहे की तिथे."

"आहे," एमिल म्हणाला.

"एप्रिलच्या पहिल्या शनिवारी चार माणसं घेऊन येतो. तोवर वरच्या खिडकीला दोरशिडी लावून ठेव, ती मी आज देतो." तो वळला आणि पुन्हा थांबला. "लाकूड तुझं, एमिल. जेवण कुणाचं?"

"माझं," मणिका म्हणाली. तिचं इंग्रजी तोडकं होतं, पण तो शब्द अगदी स्पष्ट आला. एमिलने डोळे पुसले आणि कांद्याला शिव्या घातल्या.

त्यानंतर सभागृहात जो गोंधळ झाला तसा मी त्या छपराखाली कधी ऐकला नाही. सगळी मुलं नकाशाला लागली. आपलं घर सापडलं की टिकली, मग शेजारच्याचं घर दाखवायचं, मग भांडण. एका मुलाने नदीत टिकली लावली आणि आपण तिथेच राहतो असं ठासून सांगितलं. त्याच्या आईने ती सोलून काढली. हॅलोरनसाहेब वही घेऊन मुलं मोजायला उठले. पहिल्यांदा एकाहत्तर आली. दुसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यांदा मोजताना एक पोर त्यांच्या पायाला मिठी मारून बसलं आणि त्यांना कोट काढून खाली बसावं लागलं.

"नक्की किती, साहेब?" मी विचारलं.

"चाळीसच्या वर आहेत," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर पिएरोगीचं लोणी लागलं होतं. हे वाक्य त्यांनी तोललं नव्हतं.

दुपारी सगळे जेवत असताना इमोजेन भिंतीसमोर जमिनीवर बसली होती. तिरक्या काळ्या रेघांवर हिरव्या टिकल्या इतक्या झाल्या होत्या की लॉक स्ट्रीटचं नाव वाचता येत नव्हतं.

"आता काय करणार?" मी तिच्याजवळ खुर्ची ओढली. "आम्हाला गंजपट्ट्यातून बाहेर काढणार?"

"तेच कळत नाहीये. गावं सावरतायत की नाही हे मी आजवर पगारांवरून आणि घरांच्या किमतींवरून बघत होते. त्या हिशेबाने तुम्ही अजून आत आहात. सपशेल आत."

"मला आतच ठेव," एमिल मागून म्हणाला. त्याच्या हातात दुसरी बशी होती. "मी जागा सांगितली आहे. रेषा हलवायची नाही."

"मग या रेघा?" तिने काळ्या तिरक्या रेघांवर बोट ठेवलं.

एमिलने बराच वेळ नकाशा बघितला. तो क्रेनवरून हे सगळं वर्षानुवर्षं बघत आला होता. प्रत्येक छप्पर त्याला माहीत होतं. "त्या काढ," तो म्हणाला. "त्या चूक आहेत."

तिने तसंच केलं. छापलेल्या नकाशात केल्सी फोर्ज अजून करड्या हद्दीतच आहे. पण ओसाडच्या रेघा गेल्या आणि तिसऱ्या रस्त्याखाली हिरवं आलं. आणि त्या नकाशाच्या खाली एक नवी ओळ आहे: सहा वर्षांखालची मुलं दारोदार जाऊन मोजली. इमोजेन मग आधीच्या अकरा गावांतही परत गेली, माझ्या नवऱ्याचे बूट घालून. प्रत्येक गावात आधी टपालवाल्यांना शोधायचं, हे तिने ठरवून टाकलं. तिने मला लिहिलं की तीन गावांत आकडे चुकीचे निघाले, आणि एका गावात बरोबर निघाले. तिथल्या रेघा मारलेल्या वस्तीत ती दिवसभर फिरली आणि तिला खरंच कुणी भेटलं नाही. ते पत्र मी दोनदा वाचलं.

मंडळाने मंगळवारी पाडण्याचा ठराव मागे घेतला. सगळी शाळा नाही उघडली. तळमजला उघडला, बालवर्ग आणि पहिली. उन्हाळाभर गावकऱ्यांनी भिंती रंगवल्या. एमिलचा जिना एका शनिवारी होणार होता, त्याला तीन लागले, कारण मणिकाच्या जेवणानंतर दुपारी कुणी हातोडा उचलायला तयार नसे.

मुलांना तिसरा रस्ता ओलांडून द्यायला कुणीतरी हवं होतं. मी हात वर केला. सप्टेंबरच्या पहिल्या सकाळी मी पिवळं जाकीट घालून, थांबा लिहिलेली पाटी घेऊन कोपऱ्यावर उभी होते. या रस्त्यावरून वाळूचे ट्रक जातात. चौदा वर्षं त्यांना इथे वेग कमी करायचं कारणच पडलं नव्हतं. मी पाटी वर केली तेव्हा एक मोठा ट्रक करकचून थांबला आणि चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं, बाई? अपघात?"

"नाही. शाळा."

"इथे कधीपासून शाळा?"

"आज सकाळपासून," मी म्हटलं. "इंजिन बंद कर. वेळ लागेल."

त्याने खरंच बंद केलं. दोघांदोघांचे हात धरून मुलं निघाली, सुजिता सगळ्यात पुढे, नवं दप्तर गुडघ्यापर्यंत लोंबणारं. चालक हातावर हनुवटी टेकून बघत बसला. मधेच एका मुलाने थांबून त्याला हात केला आणि भोंगा वाजवायची खूण केली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने भोंगा वाजवला, लांबलचक, आणि सगळी रांग आनंदाने रस्त्याच्या मधोमध उड्या मारायला लागली. त्यांना पलीकडे न्यायला मला आणखी पाच मिनिटं लागली, आणि मागे चार ट्रक येऊन थांबले.